मिरचीच्या बियांची उगवण : वर्गातील एक निरीक्षणपाठ

आश्विन शुद्ध प्रतिपदेस बीड जिल्ह्यात घरोघर घट बसतो. पत्रावळीवर अथवा टोपलीत शेतातील काळी माती पसरली जाते, तीत गहू, ज्वारी, करडई, जवस अशी धान्ये पेरली जातात, मधोमध पाण्याने भरलेले मातीचे मडके ठेवले जाते आणि शेजारी अखंड दिवा तेवत असतो. मडके कच्च्या अंगाचे असल्याने त्यातील पाणी हळूहळू पाझरून माती ओली राहते. चिखल मात्र होत नाही. तिसऱ्या-चौथ्या माळेला कोंब दिसू लागतात आणि नवमीपर्यंत पिवळसर धान चांगले वीतभर वाढते. घरात बी उगवण्याचा हा प्रयोग मुले दरवर्षी पाहत असतात. तो प्रयोग आहे, असे मात्र त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते.

शाळेतही बियांच्या उगवणीचा पाठ होतो. त्यासाठी मूग, मटकी किंवा हरभरा घेण्याचा प्रघात आहे, आणि तो सोयीचाही आहे. आज भिजत घातलेल्या मुगाला परवा मोड येतात. पाठ वेळेत संपतो. परंतु अशा पाठातून मुलांच्या मनात एक चुकीची समजूतही रुजते. बी आणि पाणी एकत्र आले की रोप होते, यापलीकडे काही लागत नाही, असे त्यांना वाटू लागते. मूग इतका सोशिक आहे की तो शिक्षकाची चूक कधी उघडी पाडीत नाही. मिरचीचे बी तसे नाही. ते हळू उगवते, थंडीत अडून बसते, जास्त पाण्याने कुजते, आणि घाई करणाऱ्यास हमखास फसविते. म्हणूनच निरीक्षणपाठासाठी ते मुगापेक्षा अधिक उपयोगी आहे.

या बियाची उपेक्षा करण्यासारखी परिस्थिती जिल्ह्यात नाही. विहिरीला थोडेबहुत पाणी असलेले शेतकरी उन्हाळी मिरचीसाठी जानेवारीत रोपे टाकतात. संकरित बियाण्याचे पाकीट अवघे १० ग्रॅमचे असते. एका ग्रॅममध्ये साधारणपणे दीडशे ते दोनशे बिया बसतात आणि किंमत मात्र सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखी भासते. असे बी गादीवाफ्यावर पडून आठ दिवस दिसले नाही की घरात चिंता सुरू होते. कोणी दुकानदारास दोष देतो, कोणी पुन्हा पाणी सोडतो, कोणी वाफा मोडून दुसरे बी आणतो. त्या बियाला खरोखर काय हवे होते, हे पाहण्याचे साधन शाळेच्या खोलीत दोन-चार करवंट्यांत तयार होऊ शकते.

प्रथम बियाची ओळख करून द्यावी. वाळलेली लाल मिरची मधोमध उभी फोडून वर्गास दाखवावी. मिरचीचे बी सर्वांत तिखट असते, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही. तिखटपणा उत्पन्न होतो तो बी ज्याला चिकटलेले असते त्या पांढऱ्या मऊ भागात. बियाला तो केवळ बाहेरून लागतो. तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून बी काढल्यावर हात नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही. साबण लावावा, आणि तोपर्यंत कोणीही डोळ्यांना हात लावू नये. ही सूचना पाठ सुरू होण्यापूर्वी द्यावी, नंतर दिल्यास तिचा उपयोग नसतो.

येथे मुलांना एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. शेळी मिरचीला तोंड लावून मागे सरते, मग पोपट ती आनंदाने कशी खातो? पिंजऱ्यातील पोपटाला मिरची देणे हे मुलांच्या नित्य परिचयाचे असल्याने वर्ग लगेच बोलू लागतो. तिखटाची आग जाणवणारा जो घटक सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर असतो, तो अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळखला. या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तोच घटक सुमारे ४३ अंश सेल्सिअसवरील उष्णतेनेही जागा होतो, म्हणून तिखट खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखे वाटते. पक्ष्यांमधील हा घटक तिखटास दाद देत नाही. यामागे झाडाचे हित आहे. अॅरिझोनातील रानमिरचीवर ट्यूक्सबरी व नॅभन यांनी केलेले संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी तिखट नसलेल्या जातीची फळे उंदरांच्या जातीच्या प्राण्यांना व पक्ष्यांना खाऊ घातली. उंदरांच्या पोटातून गेलेले बी उगवले नाही. पक्ष्याच्या पोटातून गेलेले बी मात्र नेहमीसारखे उगवले. दाताने बी फोडणाऱ्याला दूर ठेवावे आणि ते सगळेच्या सगळे गिळून दूरवर टाकणाऱ्याला जवळ करावे, असा हा बंदोबस्त आहे. (यावरून पोपटाला बी पेरण्याचे श्रेय देण्याची घाई करू नये. तो बसल्या जागी चोचीने पुष्कळ बिया फोडूनही टाकतो.)

मिरची मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात व तेथून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. त्यापूर्वी येथील स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरे, आले, सुंठ, पिंपळी हेच होते. मिऱ्याच्या नावावरूनच या परकी फळाला मिरची हे नाव मिळाले. आज ठेच्यावाचून भाकरी न उतरणाऱ्या मुलुखाला ही माहिती ऐकून मौज वाटते. परंतु पाठाच्या दृष्टीने तिचा उपयोग निराळा आहे. हे झाड उष्ण प्रदेशातील असून थंडीत उगवण्याची सवय त्याच्या बियाला नाही.

आता मूळ प्रश्न. मूग दोन दिवसांत आणि मिरची दोन आठवड्यांत, असे का? मुगाचे अन्न त्याच्या दोन जाड दलांतच भरलेले असते. टरफल पातळ असते, पाणी लागताच बी फुगते आणि मूळ बाहेर पडते. मिरचीच्या चपट्या बियात गर्भ बारीक सुतासारखा वळून बसलेला असतो व त्याच्या भोवती अन्नाचा वेगळा साठा असतो. या साठ्याला भ्रूणपोष म्हणतात. द्विदल बियात असा साठा असू शकतो, हे पुस्तकात एरंडाच्या उदाहरणाने सांगितलेले असते. मिरची, वांगे व टोमॅटो हीही त्याचीच उदाहरणे होत. मुळाच्या टोकासमोरचा भ्रूणपोषाचा थर चिवट असतो. बी ओले झाल्यावर आत पाचकद्रव्ये तयार होतात, तो थर हळूहळू मऊ करतात, आणि मगच मूळ त्यातून वाट काढते. ही सारी कामे ऊब असेल तरच वेगाने चालतात. म्हणजे बाहेरून काही दिसत नसते त्या दिवसांत बी स्वस्थ बसलेले नसते. वर्गास हे पटविणे हाच पाठाचा कठीण भाग आहे.

उबेचा परिणाम किती मोठा असतो, ते कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरिंग्टन यांनी केलेल्या मोजणीवरून समजते. मातीचे तापमान १५ अंश असता मिरचीचे रोप वर येण्यास २५ दिवस लागले. २० अंशांस साडेबारा. २५ अंशांस सुमारे साडेआठ. ३० अंशांस साडेसात. ३५ अंशांस पुन्हा जवळजवळ नऊ दिवस लागले. १० अंशांस व ४० अंशांस रोप आलेच नाही. हे आकडे फळ्यावर लिहून चौथी-पाचवीच्या मुलांकडून आलेख काढून घ्यावा. १५ वरून २० वर जाताच दिवस निम्मे होतात, २५ वरून ३० वर जाता एक दिवसही वाचत नाही, आणि पुढे तर तोटाच होतो. ऊब वाढवावी तितकी बरी, ही कल्पना आलेखाच्या वळणावरूनच खोडून निघते.

बीड जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारचे ऊन चांगले असले तरी पहाटेचे किमान तापमान १२-१३ अंशांपर्यंत उतरते, एखाद्या थंडीच्या लाटेत १० च्याही खाली जाते. बालाघाटाच्या माथ्यावरील पाटोदा, आष्टीकडच्या गावांना याचा अनुभव अधिक येतो. दगडी वा सिमेंटच्या वर्गखोलीत, खिडकीखाली ठेवलेल्या कुंडीतील ओली माती रात्रभर थंड राहते आणि सकाळी शाळा भरल्यावरही लवकर तापत नाही. त्या कुंडीत मिरची पाचव्या दिवशी उगवली नाही म्हणून शिक्षकांनी ती रिकामी केली, तर त्यांनी जिवंत बी फेकून दिले असे होते. ही चूक पुष्कळ ठिकाणी होते. घरातील बायका ती करीत नाहीत. थंडीत मटकीला मोड लवकर येत नाहीत हे त्यांना ठाऊक असते, म्हणून त्या फडक्यात बांधलेली मटकी चुलीजवळ किंवा पिठाच्या डब्याआड ठेवतात. मुलांनी घरी विचारून हे माहीत करून आणावे. मिरचीच्या पाठाची खरी प्रस्तावना तीच होय.

प्रयोगाची मांडणी अशी करावी. एकाच ठिकाणचे, एकाच वेळचे १०० दाणे घ्यावेत. शेतकऱ्याने राखून ठेवलेल्या, झाडावर पूर्ण लाल होऊन वाळलेल्या मिरचीतील बी उत्तम. हिरव्या मिरचीतील बी अपक्व असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी तेजस’सारख्या सरळ वाणाचे बी पुढे तसेच पीक देते, संकरित मिरचीतून काढलेले बी उगवते, परंतु त्याची झाडे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही. पाकिटातील गुलाबी वा निळ्या लेपाचे बियाणे मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. तो लेप औषधाचा असतो, आणि तो विषारी आहे. घरचे बी दोन-तीन वर्षांपेक्षा जुने नसावे; पावसाळ्यात उघड्यावर राहून सादळलेले बी त्याहून लवकर निकामी होते. राखेत घोळून, कोरड्या मडक्यात तोंड बांधून ठेवण्याची जुनी रीत याच कारणाने चांगली आहे.

हे शंभर दाणे रात्रभर साध्या पाण्यात भिजवावेत आणि सकाळी २५-२५ चे चार भाग करावेत. पहिलीच्या मुलांकडून दाणे मोजून घ्यावेत; त्यांचे ते गणितच आहे. नारळाच्या करवंट्या, फुटक्या घागरीचे बूड, तळाशी भोके पाडलेली दुधाची पिशवी, यांपैकी काहीही चालेल. मात्र चारही भांडी एकसारखी असावीत. दोन भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळून ती भरावीत. बी अर्धा ते एक सेंटिमीटरहून खोल जाऊ नये; करंगळीच्या नखाएवढे, असे सांगितले की मुलांना समजते. मुंग्या बी पळवितात, सबब भांड्यांखाली पाण्याची ताटली ठेवावी. पाचव्या भांड्यात मूग पेरून ते पहिल्या भांड्याशेजारी ठेवावे.

पहिले भांडे थंड खोलीत खिडकीपाशी राहील. दुसरे शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीत, चुलीपासून हात-दीड हात दूर, फळीवर. तिसरे भांडे कडब्याच्या चुऱ्याने वा भुशाने भरलेल्या टोपलीत बसवावे, सायंकाळी शाळा सुटताना त्याच्या शेजारी कोमट पाण्याची बाटली ठेवावी आणि वरून जुनी गोधडी झाकावी; सकाळी आल्यावर गोधडी काढावी. चौथे भांडे दुसऱ्याच्याच शेजारी, त्याच फळीवर ठेवावे, परंतु त्याच्या तळाला भोके पाडू नयेत व रोज त्यात भरपूर पाणी ओतावे. पहिले व दुसरे यांची तुलना केली असता उबेचा परिणाम दिसतो. दुसरे व चौथे यांची केली असता पाण्याचा. पहिल्याची व चौथ्याची तुलना मात्र निरर्थक ठरते, कारण त्यांत दोन गोष्टी एकदम बदललेल्या असतात. हे शिक्षकांनी स्वतः सांगू नये. एखादा विद्यार्थी अशी तुलना करील, तेव्हा वर्गालाच ती तपासू द्यावी.

मातीचे तापमान रोज सकाळी शाळा भरताच व दुपारी मोजावे. ताप पाहण्याचा तापमापक येथे निरुपयोगी आहे. तो ३५ अंशांखाली काही दाखवीत नाही. विज्ञानपेटीतील लाल रेषेचा तापमापक बोटभर खोल घालून दोन मिनिटांनी वाचावा. तो नसेल तर मुलाने एक बोट आपल्या काखेत धरून मग मातीस लावावे व ‘गार, कोमट, उबदार’ यांपैकी एक शब्द लिहावा. अचूकतेची वानवा असली तरी नोंद राहते, आणि नोंदच नसण्यापेक्षा ते बरे.

पाणी किती घालावे हा प्रश्न शेतकऱ्यांच्या मुलांना एका शब्दात समजतो. वाफसा हवा. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा आणि वरून सोडला असता फुटावा. घटाच्या मडक्याने नऊ दिवस राखलेली ओल तीच. चौथ्या भांड्यात ती राखलेली नसते. तेथे मातीतील हवा निघून जाते, आणि उगवणाऱ्या बियालाही श्वासासाठी हवा लागते. भांड्यावर प्लास्टिकचा कागद झाकल्यास ओल टिकते हे खरे. परंतु झाकलेले भांडे उन्हात ठेवल्यास आतील तापमान ४० च्या वर जाऊन बी शिजते. झाकावे, पण सावलीत. आणि पहिला कोंब दिसताच झाकण काढावे.

आता खरी कसोटी. तिसऱ्या दिवशी मूग वर येतो आणि मिरचीच्या चारही भांड्यांत शुकशुकाट असतो. वर्गात बोलणे होते ते साधारण असे :

“गुरुजी, मिरची नासली.”

“कशावरून?”

“मूग आला की!”

“मूग आला याचा अर्थ मूग आला. मिरचीची काय बातमी?”

“काहीच नाही.”

“मग वहीत काय लिहाल?”

“...काहीच नाही, असं.”

“तेच लिहा. ‘नासली’ हे कोणी पाहिले आहे?”

‘पाचवा दिवस, शून्य’ ही नोंद लिहावयास मुलांना संकोच वाटतो. रिकामा रकाना त्यांना कमीपणाचा वाटतो. शून्य हेही निरीक्षण आहे, ही सवय येथे लावावी. तरीही एक-दोघे चोरून माती उकरून पाहतीलच. त्यांना रागे भरण्यापेक्षा दहा-बारा जादा दाणे एका निराळ्या भांड्यात पेरून दुसऱ्या भांड्याशेजारी ठेवावेत व ते ‘उकरण्याचे भांडे’ म्हणून जाहीर करावे. रोज एक दाणा काढून, भिंगाने पाहून, कागदावर चिकटवावा. बी फुगते, टरफलाचा रंग बदलतो, एके दिवशी कडेला पांढरे टोक दिसते. जे मोजणीच्या भांड्यांत अदृश्य असते ते येथे दिसू लागते, आणि मोजणीची भांडी सुरक्षित राहतात.

मुले घरून आणखी एक स्पष्टीकरण घेऊन येतात. रोप न आल्यास ‘हाताला गुण नाही’ असे म्हटले जाते; कोणी पेरले याची चौकशी होते. वरच्या वर्गांतील मुलींच्या वाट्याला तर याहून दुखावणारे बोलणे येते. तुळस सुकली, लोणचे बिघडले, रोपे गेली, तर विटाळाच्या दिवसांत कोणाचा स्पर्श झाला हे शोधले जाते, आणि ती मुलगी तो दोष मुकाट्याने आपला मानते. या विषयावर व्याख्यान देण्याचे काही कारण नाही. चारही भांडी निरनिराळ्या मुलामुलींनी पेरलेली असावीत आणि कोणी कोणते पेरले ते तक्त्यावर लिहिलेले असावे. थंड भांडे उशिरा आणि उबेचे भांडे लवकर उगवते. शिक्षकांनी शक्य असल्यास एकाच मुलीकडून पहिले व दुसरे अशी दोन्ही भांडी पेरून घ्यावीत. एकाच हाताचे एक भांडे वर आले आणि दुसरे आले नाही, तर हाताविषयीचा वाद तेथेच मिटतो, आणि तो मिटविण्यासाठी त्या मुलीला स्वतः एक शब्दही बोलावा लागत नाही.

स्वयंपाकखोलीतील व टोपलीतील भांड्यांत आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास पहिले कोंब दिसावेत. रात्रीची थंडी अधिक असल्यास थोडे पुढे. कोंब प्रथम वाकलेला, लहान कमानीसारखा येतो व मग सरळ होऊन दोन अरुंद दले उघडतो. कित्येकदा बियाचे टरफल टोपीसारखे दलांवर अडकून राहते. ते ओढू नये, रोपाचे डोकेच निघते. पाण्याचा थेंब सोडून ते मऊ होऊ द्यावे. पहिल्या भांड्यात मात्र तीन आठवडेही लागतील. ते भांडे अखेरपर्यंत ठेवणे आवश्यक आहे. उबेच्या भांड्यांना यश आल्यावर त्याच्याकडे दुर्लक्ष होते, आणि पाठाचा निम्मा अर्थ त्याच भांड्यात असतो.

बीज परीक्षणाच्या प्रयोगशाळेत मिरचीची पहिली मोजणी सातव्या व अखेरची चौदाव्या दिवशी करतात, आणि तीही तापमान २० ते ३० अंशांत राखून. यावरून पाचव्या दिवशी निकाल देणे किती उतावीळपणाचे आहे ते ध्यानी यावे. उगवणीचे प्रमाणही शिकविण्याजोगे आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याखालील प्रमाणकांत गहू व हरभरा यांची उगवण किमान ८५ टक्के, ज्वारीची ७५ टक्के, तर मिरचीची किमान ६० टक्के धरली आहे. पंचवीसांपैकी पंधरा दाणे उगवले तर बरोबर साठ टक्के होतात. शेकडेवारी न शिकलेल्या मुलांनाही पंधराला खूण करून ठेवता येईल. उरलेले दहा न उगवणे हा अपराध नव्हे. तथापि पंचवीस दाण्यांवरून फार मोठा निष्कर्षही काढू नये. तेरा उगवले म्हणून बी वाईट आणि सतरा उगवले म्हणून चांगले, असे ठरत नाही. दाण्यांच्या निवडीतील योगायोगानेही एवढा फरक पडतो. परभणी येथे शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळेत एका नमुन्याचे ४०० दाणे तपासतात ते याच कारणाने. गावातील एखाद्या पालकाने रोपे टाकण्यापूर्वी आपल्या बियाची परीक्षा शाळेत करून मागितली, तर ती अवश्य करावी, परंतु उत्तर देताना शाळेने किती दाणे तपासले हेही सांगावे.

रोपे वर येताच त्यांना उबेपेक्षा उजेड अधिक हवा. घटातील धान पिवळे व लांबडे का होते, हा प्रश्न येथे पुन्हा काढावा. देव्हाऱ्याच्या अंधारात कोंब उजेडाच्या शोधात नुसता उंच होतो, त्यात हिरवा रंग भरत नाही. नऊ दिवसांनी उठणाऱ्या घटाला ते चालते, सहा आठवडे जगावयाच्या रोपाला चालत नाही. स्वयंपाकखोलीतील भांडी दिवसा अंगणात सकाळच्या कोवळ्या उन्हात आणावीत, रात्री आत न्यावीत. दाट उगवलेली व सतत ओली राहिलेली रोपे जमिनीलगत मऊ पडून एका रात्रीत आडवी होतात. शेतकरी यास रोपे कोलमडणे म्हणतात. मातीतील बुरशीने ते होते, आणि त्यावर शाळेत औषध फवारण्यापेक्षा पाणी सकाळीच, बुडाशी व बेताने घालणे हाच उपाय पाळावा. चौथ्या भांड्यात काही रोपे उगवली असल्यास ती बहुधा प्रथम कोलमडतील. तीही तारीख लिहून ठेवावी.

पाच-सहा आठवड्यांनी, चार-पाच पाने झाल्यावर, रोपे शाळेच्या परसबागेत सायंकाळी लावावीत. फेब्रुवारीअखेर ऊन कडक होते आणि अनेक गावांत पाणी मोजून वापरावे लागते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी दहा-बारा झाडांना पुरते. त्याहून अधिक झाडे लावण्याचा हौसेपणा टाळावा. वाचलेली रोपे मुलांनी घरी न्यावीत.

एक अडचण राहते, आणि ती बीड जिल्ह्याच्या शाळांची विशेष अडचण आहे. जानेवारीत हा पाठ होईल तेव्हा वर्गातील काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात गेलेली असतात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची फडावर, कोपीत. ती परतेपर्यंत मिरचीला फुले आलेली असतात, आणि त्या मुलांच्या दृष्टीने तो दुसऱ्या कोणाचा तरी पाठ ठरतो. म्हणून तो वर्षातून दोनदा करावा. जूनमध्ये शाळा उघडताच त्याच बियाचे राखून ठेवलेले २५ दाणे, त्याच मापाच्या भांड्यात, जानेवारीत जेथे थंड भांडे ठेवले होते त्याच खिडकीपाशी पेरावेत. जूनमध्ये रात्रीही खोलीत ऊब असते. चूल, गोधडी, बाटली काही न करता रोपे आठ-दहा दिवसांत वर येतात. ही पेरणी जानेवारीत गैरहजर असलेल्या मुलांकडून करून घ्यावी. थंडीच्या रात्री कोपीत पाचटावर काढलेल्या असल्याने जानेवारीचे भांडे का अडून बसले असेल, याचा अंदाज तीच मुले चटकन बांधतील. त्यांचा आकडा भरल्यावाचून जानेवारीचा तक्ता अपुरा आहे, हे त्यांना तक्ता पाहूनच कळावे. त्यासाठी जानेवारीत तक्ता आखतानाच शेवटचा रकाना जूनसाठी मोकळा ठेवावा, आणि त्याच्या माथ्यावर पेरणाऱ्यांच्या नावांसाठी पुरेशी जागा सोडावी.